पोट आत घेऊ नये

दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर पत्र्याची निळी पाटी दिसायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असायचं: ‘माप देताना पोट आत घेऊ नये.’ खाली जरा बारीक अक्षरांत: ‘घरी जसे उभे राहता तसे उभे राहावे.’ इतर दुकानांत देवाची तसबीर असते त्या जागी ही पाटी होती, आणि देव बाजूच्या कोनाड्यात गेले होते.

परतूरच्या एका शाळेत मला नोकरी लागली आणि राहायला खोली मिळाली ती याच दुकानाच्या माडीवर. माझं गाव कुंभार पिंपळगावच्या पुढं, रोज जाऊन-येऊन करणं झेपलं नसतं. घरमालक म्हणजे खालचे टेलर नवरा-बायको. मी त्यांना काका-काकू म्हणायचो. गाव मात्र काकूंना ‘टेलरकाकू’ म्हणायचं आणि काकांना नुसतंच काका, कारण त्या दुकानात सगळं उलटं होतं. काका बायकांचे ब्लाउज शिवायचे. पुरुषांचे शर्ट, पँट, सफारी, कोट शिवायच्या काकू.

काकूंचे वडील परभणीत कोट शिवत. घरात दोन भाऊ होते, पण वडलांचा हात उतरला तो काकूंच्या हातात. लग्न होऊन परतूरला आल्या तेव्हा सासऱ्यांचं ब्लाउजचं दुकान होतं. आठ दिवस काज-बटणं केली आणि नवव्या दिवशी सासऱ्यांना म्हणाल्या, “मामंजी, मला हे न्हाई जमत. मला कोट येतो.” सासरे भले गृहस्थ. त्यांनी दुसरं मशीन आणून दिलं.

आता बाईमाणसानं परक्या पुरुषांच्या अंगाला टेप कसा लावायचा, हा प्रश्न होता. तो काकूंनी असा सोडवला की टेप काकांच्या हातात आणि नजर आपली. गिऱ्हाईक उभं राहायचं, काका टेप लावून आकडा सांगायचे, आणि कटिंगच्या टेबलामागं उभ्या काकू तो आकडा दुरुस्त करायच्या.

“छाती चाळीस,” काका म्हणायचे.

“अडतीस लिहा. श्वास धरून उभे हायेत ते.”

“कंबर चौतीस.”

“छत्तीस. पोट आत वढलंय. ओ भाऊ, पाटी वाचता येती ना?”

भाऊ ओशाळून श्वास सोडायचे आणि कंबर खरोखर छत्तीस भरायची. काकूंचं म्हणणं असं, की टेप अंगाला लागला की माणूस लगेच दुसराच कुणीतरी होतो. छाती पुढं, मान ताठ, खांदे मागं. त्या मापाचा कपडा शिवला की तो त्या दुसऱ्या माणसाला बसतो, आणि घालायचा तर याला असतो. मग कॉलर मागून सुटते, खांद्यावरून काखेकडं चुण्या पडतात, आणि शिव्या खातो टेलर.

यावर उपाय म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. संध्याकाळी मी वर वह्या तपासत बसलेला असायचो आणि जिन्यातून हाक यायची, “सर, जरा खाली या. गिऱ्हाईक ताठलंय.” मी खाली जायचो आणि त्या गिऱ्हाइकाशी काहीबाही बोलायला लागायचो. पाऊस, कापूस, पोराची दहावी, सासुरवाडी. दोन मिनिटांत माणूस आपल्या मूळ अंगात परत यायचा. एक खांदा खाली पडायचा, पोट सुटायचं, एका पायावर भार यायचा. तेवढ्यात काकू सगळं बघून घ्यायच्या आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून वहीत लिहायच्या. पुढं पुढं माझीही गरज उरली नाही. “तुमचा मोबाइल वाजला वाटतं,” एवढं म्हटलं की गिऱ्हाईक खिशातून मोबाइल काढून मान खाली घालायचं. काकू म्हणायच्या, “आता दिसला बगा खरा माणूस.”

माझं माप कधी घेतलं हे मला कळलंच नाही. पहिल्या महिन्यात मी दोन शर्टांचं कापड दिलं आणि माप कधी देऊ म्हणून विचारलं.

“झालं घेऊन. परवा तुम्ही जिना चढत होते तवा.”

“असं कसं, काकू?”

“उजवा हात दिवसभर वर असतो, फळ्यावर. म्हणून उजवा खांदा चढलाय. डाव्याला पिशवी, म्हणून डावा उतरलाय. दोघांत अर्धा इंच हाय. पिशवी बदला न्हाईतर टेलर बदला.”

शर्ट घातला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शर्टाची दोन्ही टोकं खाली एका रेषेत आली. मी पिशवी उजव्या खांद्याला लावायला लागलो. तेही काकूंच्या ध्यानात आलं. पुढचे शर्ट शिवताना त्या काकांना म्हणाल्या, “सरांचा डावा खांदा एक सूत वर आलाय. ऐकणारा माणूस हाय.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मला शाळेतल्या शेऱ्यांपेक्षा त्या एका सुताचा आनंद जास्त झाला.

कपड्यांवरून त्या माणूस ओळखायच्या. शेजारच्या दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाकडं बघून एकदा म्हणाल्या होत्या की हा एसटीच्या कंडक्टरचा असणार, एका खांद्याची शिवण पिशवीनं विटली आहे. घट्ट पँटीचा त्यांना मनापासून राग. नव्या पोरांना मोबाइलमधल्या चित्रासारखी पँट हवी असायची. काकू म्हणायच्या, “शिवते की. आधी खाली मांडी घालून दाखव.” दुकानातच सतरंजी होती. पोरगं बसायचं, अंगातली पँट कुरकुरायची, आणि काकू शांतपणे विचारायच्या, “पंगतीत उभा राहून जेवणार का?”

असाच एक तरुण जिमला जायला लागला. तीन महिन्यांत छाती फुगवली, दंड फुगवले आणि भावाच्या लग्नासाठी सूटचं कापड घेऊन आला. काकांनी टेप लावला. काकूंनी त्याला दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा चालवलं आणि म्हणाल्या, “छाती झकास झाली. पण पाठीला काही केलं न्हाई तू. खांदे पुढं येऊन राह्यले. अन् लग्नाला चार महिने हायेत. ही छाती टिकती का बगू, मंग कापड कापू.”

पोरगं चिडलं. कापड मात्र ठेवून गेलं. तीन महिन्यांनी आलं ते खाली मान घालून. परीक्षा होती, जिम सुटली होती, छाती जिथली तिथं गेली होती. काकू एक अक्षर लागट बोलल्या नाहीत. कपाटातून कापड काढलं, हात फिरवला आणि म्हणाल्या, “आज कापू. हा तू हाईस. ह्या पोराला सूट लय खुलंल.” आणि खुलला. भावाच्या लग्नात नवरदेवाआधी लोक त्यालाच बघत होते असं त्यानंच येऊन सांगितलं, पेढे घेऊन.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आठवतात ते शेटजी. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं अडतीचं दुकान होतं. पाच पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं. बोलणं आमच्यासारखंच, फक्त मनाला लागलं की हिंदीत शिरायचे. अंगानं सडसडीत, साठीच्या आसपास. मुलीचं लग्न जालन्याला ठरलं होतं. त्यासाठी एका मोठ्या शहरातून बंद गळ्याचा कोट शिवून आणला होता आणि तो घालून ते दुकानात आले.

“देखो काकू, एवढं मोठं दुकान, एवढा खर्चा, अन् गळा मागून उभाच राहून राह्यला.”

खरंच होतं. कॉलर मानेपासून दोन बोटं सुटली होती. कोट मागून उचललेला, पुढून खाली आलेला.

काकू त्यांच्याभोवती एक फेरी मारून आल्या. “कोट बराबर हाय, शेटजी. त्यानं माप तुम्ही ताठ असताना घेतलंय.”

“मी ताठच आहे! बिलकुल सीधा!” शेटजींनी पाठ सरळ केली, आणि काय आश्चर्य, कोट अगदी मानेला येऊन चिकटला.

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, “शेटजी, औंदा सोयाबीनचं कसं काय?” बस. शेटजी सुरू झाले. बोलता बोलता त्यांचे खांदे पुढं आले, मान पुढं गेली, पाठीला बाक आला आणि कॉलर पुन्हा सुटली. काकूंनी हातानं खूण केली तसा मी बाजूनं एक फोटो काढला. “दाखवा त्यांना,” काकू म्हणाल्या.

शेटजींनी मोबाइल हातात घेतला. आधी जवळ, मग लांब धरून बघितला.

“ये तो बाबूजी हैं,” ते म्हणाले.

 काकांचं मशीन थांबलं.

“माझे वडील,” शेटजी मला म्हणाले. “शेवटी शेवटी असेच उभे राहायचे. पेढीवर बसून बसून. मी त्यांना रोज म्हणायचो, बाबूजी, सीधे बैठो.” मग ते काकूंकडं वळले. “हे सरळ न्हाई होणार?”

“होईल की. पण लग्नाला पंधरा दिवस राह्यले. पाठ काही इस्त्रीनं सरळ होत न्हाई. आत्ता कोट तुमच्या पाठीला लावून देते, पाठीचं तुम्ही लग्नानंतर बगा.”

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला टेलर लोक माया म्हणतात. त्या मोठ्या दुकानानं माया भरपूर सोडली होती, एवढं काकूंनी कबूल केलं. मागची शिवण उसवून त्यांनी पाठीची लांबी वाढवली, पुढून थोडी काढली, कॉलर पूर्ण उसवून नव्यानं बसवली. शेटजींना तीनदा बोलावलं आणि तिन्ही वेळा खुर्चीवर बसवून ट्रायल घेतली. “लग्नात मुलीचा बाप उभा कमी अन् बसतो जास्त,” म्हणाल्या. आम्ही तिघं लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या मांडवात शेटजींनी काकूंना बघितलं आणि पाहुण्यांच्या घोळक्यात सरळ पाठ फिरवून उभे राहिले. “मागून बघा! मागून! गळा बघा!” व्याही, विहीणबाई, सगळे शेटजींची मान बघायला लागले. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

लग्नानंतर आठ दिवसांनी शेटाणीबाई साडी घेऊन आल्या. काकूंना विचारलं असतं तर त्यांनी ब्लाउज शिवू दिला नसता, म्हणून काकूंएवढ्याच अंगाच्या आपल्या जावेच्या मापानं तो शिवूनच आणला होता. काकू हौसेनं आत जाऊन घालून आल्या, आणि बाहेर येता येताच त्यांचं तोंड सुरू झालं.

“कुणी शिवलाय हा? मागून वर चढून राह्यलाय, पुढून गळा लोंबून राह्यलाय. याला टेलर म्हणायचं?”

शेटाणीबाई बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या आणि चहा न घेताच उठल्या. त्या गेल्यावर काकू अजून बोलतच होत्या. एवढ्यात त्या मध्येच थांबल्या.

“ओ,” त्या काकांना म्हणाल्या. “तुम्ही कामून गप?”

काका कुणी वाईट शिवलं की दोन शब्द तरी बोलायचेच. आज सुईत दोरा ओवत बसले होते आणि दोरा काही ओवला जात नव्हता.

“शिवण बराबर हाय,” ते खाली बघूनच म्हणाले.

काकूंनी मागं हात नेऊन ब्लाउजची पाठ चाचपली. मग आत गेल्या, आपला रोजचा ब्लाउज घेऊन आल्या आणि कटिंगच्या टेबलावर पसरला. पुढचा भाग मागच्यावर दुमडला. मलासुद्धा दिसलं. पाठ पुढच्यापेक्षा चांगली मोठी होती. काकूंनी बोटानं तो फरक मोजला. शेटजींच्या कोटाला त्यांनी जे केलं होतं तेच इथं कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं.

“कधीपासून?”

“सात-आठ वर्षं झाली. दर साली एखादं सूत.”

“मला सांगितलं न्हाई?”

“सांगितलं असतं तर तू मशीन सोडलं असतं का?” काका म्हणाले. “न्हाई ना? मंग म्हणलं, निदान कपडा तरी टोचू नये.”

काकू आत गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही कोटाचं मशीन चाललं नाही. काका मला जिन्यात भेटले तर चोरासारखे निघून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर दात घासत होतो. काकू वर आल्या, माझ्याकडं एक बाजू करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, पावसापाण्याचं काही बोलू नका. तसाच काढा फोटो.”

मी काढला. त्यांनी चष्मा लावून तो पुष्कळ वेळ बघितला. मला वाटलं आता रडतील. त्या हसायला लागल्या. इतक्या, की कठड्याला धरून खाली बसल्या.

“अख्ख्या परतूरला सांगून राह्यले मी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “अन् हे कुबड माझ्याच पाठीवर! अन् तो माणूस, सर, आठ वर्षं मला काही कळू दिलं न्हाई. माझ्यासारखीला! मला, जिला कुणाचा खांदा एक सूत खाली गेला तर कळतं!”

मग त्यांनी ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं. काही महिन्यांपासून उजव्या हाताची दोन बोटं बधिर होत होती. हातातून खडू पडायचा, एकदा कात्री पायावर पडता पडता राहिली होती. हाताला घाम येतो, असं त्या सांगायच्या. त्याच आठवड्यात काका त्यांना जालन्याला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी मानेचे एक्स-रे काढले आणि सांगितलं की मानेतली शीर दबते आहे. असंच मशीनवर वाकून बसलात तर हात कामातून जाईल. बंद करा.

परत येताना गाडीत काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या असं काका म्हणाले. फक्त एकदा विचारलं, “शिवायचं न्हाई तर मंग मी काय करू?” 

काकांना उत्तर सुचलं ते घरी आल्यावर. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघतो तर कटिंगचं टेबल चारी बाजूंनी विटांवर चढवलेलं. काका घामाघूम. “तू उभ्यानं कापायचं,” ते काकूंना सांगत होते. “मान सरळ ठेवून. मशीन मी मारतो.”

“तुम्ही? कोट?”

“तू सांग, मी मारतो.”

साठीच्या त्या माणसानं आयुष्यभर ब्लाउजच शिवले होते. पहिल्या कोटाची बाही त्यांनी उलटी लावली. दुसऱ्याची उसवावी लागली तीनदा. काकू ओरडायच्या, काका उसवायचे, पुन्हा लावायचे. चौथ्या कोटाला काकू काही बोलल्या नाहीत, आणि काका त्या दिवशी शीळ घालत दुकान झाडत होते.

पहाटे दोघं स्टेशनकडं फिरायला जायला लागले. प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या. थोड्या दिवसांनी शेटजीही त्यांच्यात सामील झाले, पांढरे बूट घालून. डॉक्टरांनी शिकवलेले मानेचे व्यायाम काकू दुकानातच भिंतीला पाठ लावून करायच्या, आणि गिऱ्हाईक आलं तरी थांबायच्या नाहीत. “बसा, दहा झाले की येते.” काही गिऱ्हाइकं शेजारी उभं राहून तेच करू लागली. मीही करायचो. माप द्यायला आलेला एक तलाठी तर व्यायाम करून माप न देताच निघून गेला होता.

बोटांतला बधिरपणा हळूहळू कमी होत गेला. काही दिवस वाटायचं गेला, मग पुन्हा यायचा. पुन्हा जायचा. काकू त्याबद्दल कुरकुर करायच्या नाहीत, फक्त फेऱ्या सहाच्या आठ झाल्या.

साधारण वर्षानं, एका रविवारी मी खाली पेपर वाचत बसलो होतो. काकू आतून तणतणत आल्या.

“ओ, हे काय शिवलंय? मानेखाली सगळ्या चुण्या पडून राह्यल्या. पुढून वढून राह्यलंय. तुम्हाला कोट यायला लागला अन् ब्लाउज विसरले का?”

काका मशीनवरून उठले. चष्मा नीट केला. त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले, मग बाजूला आले, मग पुन्हा मागं गेले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते ओठ घट्ट मिटून उभे होते, पण डोळे हसत होते.

“माप तेच हाय,” ते म्हणाले. “पाठ तीच न्हाई राह्यली.”

काकूंना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी पदर सावरला, दोन्ही पाय जुळवले आणि म्हणाल्या, “घ्या माप.”

काकांनी गळ्यातला टेप काढला आणि मानेच्या हाडापासून खाली सोडला.

“पाऊण इंच कमी झालं,” ते म्हणाले. समोरच्या किराणा दुकानातल्या माणसानं मान वर करून बघावं एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

“नीट मोजा. इंच असंल.”

काकांनी पुन्हा टेप लावला. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघितलं.

“पाऊणच.”

“बरं, पाऊण लिहा,” काकू म्हणाल्या. “राह्यलेला पाव दिवाळीपर्यंत काढते.”